आजी, अजून एकदा

माझं नाव जानकी, माहेर कासा गावाच्या पलीकडचं, जीप सोडते तिथून आणखी आत चालत जायचा पाडा, आणि सासर म्हणाल तर हे, चिखले, तुम्ही बसलात तेच घर. आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पण एक गोष्ट पहिली लिहून घ्या ताई, मी मोबाईलवरचं ते लाईव्ह घाबरून बंद केलं नाय. इथे अर्धे लोक बोलतात जानकी घाबरली, अर्धे बोलतात जानकीला माज आला, दोन्ही खोटं हाय. काय झालं ते मी सुरवातीपासून सांगते, मधे कुठे भरकटली तर तुम्ही मला परत आणा.

आमचं शेत म्हणजे उतारावरचा भात नि थोडी नाचणी, ते घरात आलं की आई खाली यायची घोलवडला, चिकूच्या वाडीत कामाला, आणि मी तिच्या पाठीवर, मग पाठीवरून उतरली तेव्हा तिचा हात धरून. शेठच्या गोडाऊनच्या पडवीत आम्ही राहायचो. चिकू काढायचा म्हणजे लांब काठीला जाळी लावलेली असते, वर बघून बघून मान दुखते, आणि तो चीक बोटांना लागला की काळा होतो तो जात नाय, हे बघा माझे हात, आज सकाळीच घासलेत. तर त्या वाडीत एक म्हातारा माळी होता, तो कलमं बांधायचा, आणि बायकांना तो जवळ येऊ देत नसे, बायकांनी फळं काढायची, भरायची, बस. पण माझी आई, लखमी तिचं नाव, ती लांबून बघून शिकली. नुसतं बघून. रायणीचं, म्हणजे खिरणीचं, रोप पिशवीत वाढवायचं, ते चिकूच्या झाडाच्या फांदीपाशी मांडवावर चढवायचं, दोघांची साल थोडी थोडी तासायची, एकाला एक लावून पट्टी गुंडाळायची, आणि मग वाट बघायची. अडीच-तीन महिने. घाई केलीत तर मेलं. एक दिवस म्हातारा आजारी पडला नि शेठची कलमं राहिली, तेव्हा आई बोलली मी बांधते, शेठ हसला, बांध बोलला, आणि तिची शंभरातली नव्वद धरली, म्हाताऱ्याची कधी सत्तरच्या वर धरली नव्हती. तिथून पुढे ह्या पट्ट्यात किती वाडीत आईच्या हातची झाडं हायत ते तिलाही सांगता यायचं नाय. तिचं नाव कुठे नाय, कुठल्याच वाडीच्या पाटीवर नाय, पण झाड तिला ओळखू येतं. चालता चालता हात लावते नि बोलते हे माझं.

मी तिच्याकडून शिकली. चौथीपर्यंत शाळा झाली माझी, पुढे हेच. लग्न झालं, आमचे हे टेम्पो चालवतात, घराच्या मागे थोडी जागा होती, तिथे मी माझी रोपं करायला लागली, चिकू, आंबा, थोडी जांभळं. त्याच्या आधी शेठच्या वाडीतल्या नर्सरीत वीस वर्षं काढली, मग बोलली आता आपलंच. पण आपलं म्हटलं तर घेणार कोण, मोठ्या नर्सऱ्या रस्त्यावर, माझी आतल्या बाजूला, कोणाला दिसणार. तेव्हा माझी मुलगी रोशनी, ती बारावीला होती, ती बोलली आई, मी तुला लाईव्ह करते. मी बोलली म्हणजे काय, मी काय मेलेय का. तर तिने फोन त्या खांबाला बांधला आणि बोलली तू रोज करते तेच कर, फक्त बोलत बोलत कर.

आणि खरं सांगते, पहिले सहा-सात महिने मला आवडलं. खोटं कशाला बोलू. चार वाजता बसायची, कलम बांधायची, बांधता बांधता सांगायची. कुठून कुठून लोक विचारायचे, नाशिकवरून, लातूरवरून, कोणी बोलायचं मावशी आमच्याकडे पाणी खारं हाय, चालेल का, कोणी बोलायचं माझ्या बापाने चिकू लावला होता तो वठला, काय करू. मी सांगायची. ज्या बाईला वाडीत कोणी विचारलं नव्हतं तिला एवढे लोक विचारतात, बरं वाटणार नाय का? रोपं जायला लागली, हे टेम्पोतून स्टेशनला टाकायचे, तिथून पुढे जायची. काही लोक माझ्या बोलण्याला हसायचे, नाय बोलली, हाय बोलली की खाली हसण्याची तोंडं यायची, काळ्या हातांना नावं ठेवायचे, मावशी साबण पाठवू का. रोशनी चिडायची, मी बोलायची हसू दे, हसता हसता रोप घेतात ना.

मग तो हितेश आला. तिशीतला माणूस, लग्न झालेला, तलासरीच्या बाजूला त्याचं ऑफिस होतं, लोकांचे चॅनल मोठे करून देतो बोलायचा. आता त्याच्यावर सगळं ढकलायचं नाय मला, दरवाजा मीच उघडला. तो बोलला जानकीबेन, तुमच्यात खूप दम हाय, पण तुम्ही नुसतं झाड दाखवता, लोकांना झाड नको, लोकांना तुम्ही पायजे. मी बोलली मी काय दाखवू, माझ्यात काय हाय. तो बोलला तुमची गोष्ट. आणि मग सुरू झालं. साडी कशाला नेसता, जुन्या बायकांसारखं लुगडं नेसा, गुडघ्यापर्यंत. खुर्चीवर नको, जमिनीवर बसा. ती पाण्याची मोटर दिसते मागे, ती झाका, हंडा ठेवा तिथे. मी बोलली अरे आमच्याकडे मोटर हाय तर हंडा कशाला ठेवू, तो बोलला बेन, हंडा चालतो. असं बोलला, हंडा चालतो. आणि काय सांगू तुम्हाला, मी हंडा ठेवला. ह्यांनी बघितलं, आणि मोटरवरचं ते कापड संध्याकाळी काढून घडी करून ठेवलं. तेव्हाच मला कळायला पायजे होतं.

एक दिवस आई आली होती पाड्यावरून, डोळे दाखवायचे होते तिला. हितेशने तिला बघितलं. तिच्या हातावर गोंदण, पायावर गोंदण, लुगडं, गळ्यात मण्यांच्या माळा. त्याचे डोळेच लकाकले. बोलला आजच घेऊ आजीला लाईव्हमध्ये. मी आईला विचारलं, आई बोलली काय करायचं मला, मी बोलली कलम बांधून दाखव, तुझ्यासारखं कोणाला येत नाय. ती खूश झाली हो. हात धुतले, स्वतःचा चाकू मागितला, धार लावून घेतली. तिला वाटलं लोकांना तिचं काम बघायचंय. मलाही तेच वाटलं.

हितेश बोलला आधी एन्ट्री. आजीने डोक्यावर मोळी घेऊन फाटकातून आत यायचं. लाकडं आमच्याकडे होती पडलेली, छाटणीची. आई बोलली मी कशाला मोळी आणू, इथे गॅस हाय. मी बोलली आण ग, एकदाच. ती आली. लाईव्ह चालू होतं, लोक जोडले जात होते, हितेश फोन धरून उभा, आणि तो बोलला आजी, अजून एकदा, नवीन लोक आलेत. ती परत गेली बाहेर, परत आली. तो बोलला आजी, अजून एकदा. सत्तरीच्या पुढची बाई, डोळ्यात मोतीबिंदू, उन्हाची वेळ, आणि डोक्यावर ओली लाकडं. तिसऱ्या वेळी फाटकाच्या उंबऱ्याला पाय लागला नि ती तोंडावर पडली. लाकडं एकीकडे, माळ तुटून मणी एकीकडे, लुगडं वर गेलं. मी धावली, उचललं, गुडघा फुटला होता, ओठ कापला होता. रोशनीने हितेशच्या हातातून फोन ओढला नि बंद केला. दवाखान्यात नेलं, हाड मोडलं नव्हतं. आई बोलली काय नाय झालं, मणी गोळा केलेस का.

आता ऐका. मला वाटलं संपलं. चौथ्या दिवशी रोशनी कॉलेजातून आली ती रडत. तेवढा तुकडा कापून कोणीतरी टाकला होता. आजी अजून एकदा, आणि धप्प. त्याच्यावर ढोल लावलेला. मग दुसऱ्याने दुसरं गाणं लावलेलं. कोणी स्वतः डोक्यावर उशी घेऊन पडून दाखवतोय, त्याची बायको मागून बोलते आजी, अजून एकदा. शिकलेली माणसं, चांगल्या घरातली, मागे भिंतीवर देवाचे फोटो दिसतात. आणि पहिला तुकडा कोणी टाकला माहीत हाय तुम्हाला? हितेशने. त्याने स्वतः. मी त्याच्या ऑफिसात गेली, जीपने गेली, सबंध वाट मी काय बोलायचं ते ठरवत होती. तो बोलला बेन, एवढे लोक आपल्याकडे कधी आले नव्हते, हे आपलं सगळ्यात मोठं झालंय, आजी फेमस झाल्या. मी बोलली तुझी आई अशी पडली असती तर टाकलं असतंस? तो बोलला बेन, पर्सनल नका घेऊ. आता मला सांगा ताई, माझी आई, तिचा ओठ, तिचं लुगडं, हे पर्सनल नाय तर मग पर्सनल काय असतं? त्याने माझ्यासमोर काढून टाकलं, पण त्याचा काय उपयोग, तोवर घरोघरी पोचलं होतं. चौकीवर गेली तर तिथला माणूस बोलला, तुम्हीच तर दाखवत होता. तुम्हीच दाखवत होता. ह्या वाक्याचा मला आजपण राग येतो, कारण ते खोटं नाय.

आई पाड्यावर परत गेली होती. तिचं एक होतं, दर आठवड्याला कासाचा बाजार. घ्यायचं काय असो नसो, मीठ, मिरची, कधी नुसता तंबाखू, पण जायची, तिच्या ओळखीच्या बायका तिथे भेटायच्या, मी लहान होती तेव्हापासून चुकलेला नाय. त्या आठवड्यात ती जीपमध्ये चढत होती तर आतला एक बाप्या बोलला, आजी, अजून एकदा. सगळी जीप हसली. तिला कळलंच नाय का हसतात. बाजारात मिरचीवालीच्या शेजारचा बोलला तेच. मग कोणीतरी तिला सांगितलं, तू मोबाईलवर पडतेस. ती घरी आली नि पुढच्या बाजाराला गेली नाय, त्याच्या पुढच्यालापण नाय. भाऊ मला फोनवर बोलला, आई अंगणातून बाहेर निघत नाय, तू काय करून ठेवलंस.

मी गेली पाड्यावर. आई पाखडत बसली होती. बोलली दाखव मला. मी बोलली काय दाखवू, सोड ना. ती बोलली सगळ्या गावाने बघितलं, मीच नाय बघितलं, दाखव. मी लावून दिलं. तिला नीट दिसत नाय, तिने फोन नाकाजवळ धरला, एकदा बघितलं, परत लाव बोलली, परत बघितलं. मला वाटलं आता रडेल. ती बोलली, मी पडली तेव्हा तू आधी मोबाईलकडे बघितलंस.

मी बोलली नाय ग, मी धावली ना. ती बोलली धावलीस, पण आधी तिकडे बघितलंस. मग मी बघितलं. खरं होतं. आई पडते, मी कोपऱ्यात बसलेली हाय, माझी मान आधी फोनकडे जाते, पापणी लवेल एवढाच वेळ, आणि मग मी उठते. लोक काय बोलतील ते बघायला गेली असेन, की चालू हाय का बंद ते, मला माहीत नाय. एवढी हजारो माणसं हसली त्या तुकड्याला, कोणाच्या लक्षात नाय आलं, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी तिला दिसलं. आई उठली. चहा ठेवला तिने माझ्यासाठी. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिथेच ठरलं माझं, लाईव्ह बंद. म्हणून बोलते, लोकांना घाबरून नाय. मला माझ्या मानेचा राग आला, की ही मान कोणाची झाली, माझी आई पडते नि ही दुसरीकडे वळते.

शेवटचं एकदा बसायचं ठरवलं. साडी नेसली, खुर्चीवर बसली, हंडा उचलून ठेवला, मोटर दिसू दिली. कलम हातात घेतलं नाय. रोशनीला बोलली तू समोर नको, मी एकटी बसते. आणि मी बोलली, त्या दिवशी पडली ती माझी आई, तिचं नाव लखमी. तुम्ही घोलवडचे चिकू खाता, त्यातली झाडं तिने बांधलीत, ती इथे तुम्हाला ते दाखवायला आली होती, तुम्ही तिला मोळी घेऊन चालवलं, मीपण चालवलं. मग खाली लोक लिहायला लागले नि मी एकेक वाचायला लागली, मोठ्याने, नावासकट. मला वाचायला वेळ लागतो, जोडाक्षर आलं की थांबते, पण मी एकपण सोडलं नाय. मावशी ड्रामा बंद करा, असं अमुक लिहितो. मावशी आज लुगडं का नाय, असं तमुक विचारतो. काही चांगलंपण होतं, एक बाई लिहीत होती मावशी माफ करा, तेपण वाचलं. आणि एकाने लिहिलं आजी अजून एकदा, तेपण मी वाचलं, त्याचं नाव वाचलं, आणि बोलली, भाऊ, घरी आई हाय का तुझी, तिला बोलव, तिच्या डोक्यावर लाकडं ठेव नि तीन वेळा चालव, मी बसते इथे, मला वेळ हाय. तो निघून गेला. मग हळूहळू बाकीचे लिहायचे थांबले, वाचून दाखवते म्हटल्यावर कोणाची हिंमत होईना. मी बोलली रोपं मिळतील, फोन करा, नायतर या, मी बघायला मिळणार नाय. आणि बंद करायला गेली तर बंद कुठे करतात तेच मला माहीत नाय, रोशनीला हाक मारावी लागली.

दुसऱ्या दिवशी हितेशचा फोन. बेन, काय केलंत तुम्ही, जबरदस्त, लोक वेडे झालेत, रोज असंच रागावून बसा, राग खूप चालतो. काय बोलणार अशा माणसाला? मी फोन ठेवला. मग कुठल्यातरी शहरातल्या कार्यक्रमातून बोलावणं आलं, तुमच्यासारख्या धाडसी महिलेचा सत्कार करायचाय, शाल देऊ, पण येताना आईंना घेऊन या, त्यांच्या त्या नेहमीच्या वेशात. मी विचारलं तुम्ही तुमच्या आईला काय घालून आणणार? ती बाई बोलली सॉरी, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. माझाच गैरसमज. सगळीकडे माझाच असतो.

रोशनी माझ्यावर नाराज हाय, तेपण लिहा. ती बोलते आई, चुकले ते लोक नि बंद करून तू बसलीस, नुसते हात दाखवले असते आपण, तोंड दाखवायचं नाय. तिचंपण खोटं नाय. पण मी बोलते हात दाखवले की हातांना बोलतात, मला आता कोणाच्या नजरेत बसून काम करायचंच नाय, कलम बांधताना मला फक्त कलम बघायचंय. आता ती रोपांचे फोटो पाठवते, ज्याला पायजे त्याला, माणसाचा फोटो एक नाय. गिऱ्हाईक कमी झालं, ते होणारच होतं. काही जुने लोक अजून फोन करतात, ते लातूरवाले दोनदा स्वतः येऊन गेले.

आणि आई. दोन महिने ती बाजाराला गेली नाय. मी बोलली मी येते तुझ्यासोबत, ती बोलली नको, तू आलीस तर लोक आपल्या दोघींना बघतील, मी माझी जाईन. आणि गेली. भावाने सांगितलं मला हे. जीपमध्ये बसली, मागून एकाने परत तेच म्हटलं. आई ड्रायव्हरला बोलली, गाडी थांबव. तो बोलला का ग आजी, ती बोलली तुझा बाप जीप चालवायचा तेव्हापासून मी बसते, एकतर ह्याला उतरव नायतर मला उतरव. थांबवली त्याने. तो मागचा बोलला गंमत केली आजी, ड्रायव्हर बोलला उतर खाली, आणि उतरवला त्याला, भर रस्त्यात. आई बाजारात गेली, मिरची घेतली, तंबाखू घेतला, आली.

तेव्हापासून जाते. मोतीबिंदू काढला एका डोळ्याचा, दुसऱ्याचा काढायचाय. ती क्लिप अजून फिरते, परवा ह्यांना पेट्रोल पंपावर कोणीतरी दाखवली, त्याला माहीत नव्हतं सासू हाय म्हणून. हे बोलले बघितलीय मी, आणि पैसे देऊन निघाले. आम्ही सगळे मरून जाऊ नि ती फिरत राहील, त्याला मी काय करू. माझा राग जाणार नाय, जावा असंपण वाटत नाय मला.

तुम्ही आलात, लिहून घेतलंत, फोटो मागितला नाय, तुमचं भलं होवो. आईला सांगेन. देव सगळ्यांना पोटभर देवो, आणि बघायचं कधी नि नजर खाली करायची कधी, तेवढं कळू देवो. चला, उन्हं कलली, मला रोपांना पाणी घालायचंय.